दुधीवरचा बाप्तिस्मा

आमच्या शेजारच्या मावशींइतकी मरणाची जय्यत तयारी ठेवणारी बाई अख्ख्या जामखेड तालुक्यात दुसरी नसेल. आणि तीही स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. मावशी सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स आणि कट्टर कॅथलिक. कोपऱ्यावरच्या दुकानात निघाल्या तरी पिशवीत पाण्याची बाटली, आणि ते पाणी तहानलेल्यालासुद्धा मिळायचं नाही. "जीव जात असला आन् फादर लांब असले, तर बाप्तिस्मा कुनीबी देऊ शकतं. हिंदू, मुसलमान, कुनीबी! फकस्त चर्चच्या मनात जे हाय तेच आपल्या मनात पायजे," असं त्या एसटीत अनोळखी माणसालाही ऐकवत, तो बिचारा जागा बदलायचा. मी हिंदू, पण माझीही सुटका नव्हती. भाजीला आणलेला दुधी पुढ्यात ठेवून त्यांनी माझ्याकडून बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करून घेतले, आणि मी पाण्याचे चार थेंब उडवताच खेकसल्या, "शिंपडून भागत न्हाई. डोक्यावरनं वाहू दे!" संध्याकाळी तो दुधी आम्ही जरा संकोचानंच खाल्ला.

मग त्यांच्या सुनेला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. जीपनं नगरला निघालो आणि वाटेतच मुलगी झाली. एवढीशी, निळसर. मावशींनी तिच्या तोंडाला तोंड लावलं आणि हलके हलके श्वास भरू लागल्या. मान वर केली ती एवढंच म्हणायला, "तू घाल पानी. माझं तोंड मोकळं न्हाई." मी सुनेकडे पाहिलं. "घाला ताई," ती म्हणाली, "रूथ म्हना तिला." जीप खड्ड्यांतून आदळत होती. मी त्या इवल्या टाळूवरून पाणी वाहू दिलं. "रूथ, मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं बाप्तिस्मा देते." नगर यायच्या आत ती गेली. मावशी तरी फुंकतच राहिल्या. शेवटी सुनेनंच त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

दफनाच्या वेळी कुणीतरी कुजबुजलं, हिंदू बाईनं दिलेला चालतो का? फादर म्हणाले, "बाप्तिस्मा झालेला आहे. पुन्हा द्यायचा नसतो." एरवी मावशींनी त्या माणसाला तिथंच उभं करून शिकवलं असतं. त्या दिवशी त्यांनी नुसती मूठभर माती टाकली.

आता त्या कुणालाच काही शिकवत नाहीत. अधूनमधून मला दफनभूमीत घेऊन जातात. मातीचा उंचवटा केव्हाच सपाट झालाय. "तू बोल तिच्याशी," म्हणतात. "तिनं तुझाच आवाज ऐकलाय. मी आपली नुसती फुंकत हुते."

मी हाक मारते, "रूथ." मावशी ओठ मिटून शेजारी उभ्या असतात.