अकरा काठांचा अँटीव्हायरस

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हाच तो म्हातारा झालेला होता. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझ्या ऑफिसनं नवी यंत्रं घेतली आणि जुनी कर्मचाऱ्यांना देऊन टाकली. मी त्यातलं एक रिक्षात घालून प्रताप नगरच्या घरी आणलं. हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि सुरू व्हायला इतका वेळ की तोवर चहा उकळून गाळूनही व्हायचा. घरात आम्ही दोघंच, मी आणि बाबा. मी तिशी ओलांडलेली, लग्न न केलेली, ऑफिसात कॉम्प्युटर शिकलेली पहिली बाई. आणि ही शेवटची गोष्ट दिवसातून एकदा तरी कोणाला ऐकवल्याशिवाय मला चैन पडत नसे.

बाबा विणकर. तांडापेठेत, विणकरांच्या वस्तीत, आमचा हातमाग होता. काचबिंदूनं त्यांचे डोळे गेले तेव्हा तो विकला आणि आम्ही इकडे आलो. साडीचे अकरा काठ खास आमच्या घरचे होते. ते कागदावर कधीच नव्हते. बापानं मुलाला मागावर बसवून शिकवायचे, मुलीला नाही. मुलगी सासरी जाते आणि तिच्यासोबत काठही जातो, म्हणून. मी लहानपणापासून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरून दिल्या, पण मागावर मला कोणी बसू दिलं नाही. त्याचा राग माझ्या मनात होता आणि मी तो लपवतही नव्हते.

एका दुपारी बाबा आपणहून म्हणाले, "तुह्या त्या डब्ब्यात काठ मावते काय वं?"

मला रडू आलं. बाबांना दिसलं नाही, ते एक बरं झालं.

मग तो सबंध उन्हाळा आम्ही काठ उतरवले. बाबा सांगायचे, "दोन वर, एक खाली, तीन वर." वर उचलायच्या धाग्याला मी फुली टाकायची, खाली राहणाऱ्याला टिंब. सांगताना त्यांची बोटं मांडीवर हलत राहायची. यंत्र तापू नये म्हणून कूलरचं तोंड मी त्याच्याकडे फिरवलं होतं आणि बाबा घामानं निथळत बसायचे. करवती काठाला सगळ्यात जास्त दिवस लागले, कारण आमच्या करवतीचे दात एकसारखे नव्हते, दर पाचवा बुटका होता.

अकरावा काठ पुरा झाला त्याच आठवड्यात माझ्या टिंबांमधून एक जास्तीचं टिंब निघालं आणि चेंडूसारखं पडद्यावर उड्या मारायला लागलं. ऑफिसात हे मी पाहिलं होतं. तिथूनच एखाद्या फ्लॉपीवर बसून ते आमच्या घरी आलं असणार. म्हणजे आणलं मीच.

"याले व्हायरस लागला बाबा," मी म्हटलं.

"मंग औषध आन. पन काठाले धक्का नोको लागू देऊ."

औषधं दोन होती. बर्डीवरच्या बाजारात एका दुकानात अँटीव्हायरसचं खोकं मिळत होतं, आत जाडजूड पुस्तक. दुकानदार शांत माणूस. म्हणाला, "मॅडम, पहले सब की कॉपी निकालो, फिर सफाई. मशीन पुरानी है, मैं खुद आके कर देता हूँ." पूर्ण दिवस लागेल आणि नंतर यंत्र आणखी सावकाश चालेल, हेही त्यानं सांगून टाकलं. दुसरं औषध ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे होतं. नाव नसलेली एक फ्लॉपी, हातोहात फिरून मळलेली. "एका मिनिटात साफ! काही विचारत पन नाही," तो म्हणाला.

मी बाबांना विचारलं. दुकानदार घरी येणार म्हटल्याबरोबर त्यांचा चेहरा बदलला. "परका मानूस काठ पाहीन ना वं?" पडद्यावरच्या फुल्या पाहून दुकानदाराला काय कळणार होतं, कपाळ? हे मी बाबांना समजावू शकले असते. पण मला ते समजावायचंच नव्हतं. माझ्या यंत्राला बाहेरच्या माणसानं हात लावावा हे मलाच सहन होत नव्हतं, आणि बाबांच्या भीतीमागे मला छान लपता आलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण मी इतरांना कितीदा सुनावली होती.

मी मळकी फ्लॉपी घातली. तिनं खरंच काही विचारलं नाही. उड्या मारणारं टिंब गेलं. मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं, तर पंखा घरघरला, पडदा उजळला, आणि त्यापुढे काहीच नाही. ते औषध आमच्या यंत्रासाठी नव्हतंच. व्हायरस पुसता पुसता त्यानं काठही पुसून टाकले होते. दोन फ्लॉप्यांवर मी नक्कल काढली होती, ती शोधली. कूलरच्या ओल्या वाऱ्यात राहून त्यांच्यावर बुरशी चढली होती. दुसऱ्या दिवशी बर्डीवर गेले. दुकानदारानं दोन तास खटपट करून मान हलवली.

घरी आले तर बाबांनी विचारलं, "झालं बरं?"

मी म्हटलं, "हो."

का म्हटलं? मुलीच्या हाती पहिल्यांदा काठ दिले होते आणि मुलीनं ते उन्हाळा संपायच्या आत घालवले होते, म्हणून. बाबा रागावले असते तर मी सोसलं असतं. "पोरीले द्यायचेच नव्हते," एवढं ते म्हणाले असते तर मला सोसलं नसतं.

दोन-चार दिवसांनी बाबा म्हणाले, "करवत वाच बरं." मी यंत्र सुरू केलं, रिकाम्या पडद्यासमोर बसले आणि आठवेल तसं म्हणायला लागले. दोन वर, एक खाली. बाबांची बोटं मांडीवर हलत होती. ती थांबली. "चुकलं वं. तिथी तीन खाली. दुरुस्त कर." आणि पुढची ओळ त्यांनी स्वतःच सांगितली, तिच्यापुढचीही, अख्खा काठ. मी त्या निकामी यंत्राच्या कळा दाबत राहिले, त्यांना आवाज यावा म्हणून. कागद-पेन्सिल टेबलावरच होती. पण पेन्सिलची खरखर त्यांना ऐकू आली असती. ते उठल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन लिहायला बसले, तर दोन ओळींच्या पुढे काही आठवेना.

हे पावसाळाभर चाललं. आठवड्याला एक काठ. मी चुकायची, बाबा दुरुस्त करायचे, मी कळा दाबायची. एकदाही ते चिडले नाहीत, आणि ते तर सुताचा एक धागा तुटला तरी चिडणारे होते. त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. कळलं असेल असा विचार आला की मला जेवण जात नाही.

शेवटचा काठ सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "आता बराबर आहे ना सारं?"

"हो बाबा, बराबर आहे."

दिवाळीनंतर ते गेले. अकराच्या अकरा काठ त्यांनी मला दुसऱ्यांदा सांगितले होते. मी खरं बोलले असते तर तिसऱ्यांदाही सांगितले असते.