रोहिणीपर्यंत न पोचलेला निरोप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलं नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ नाही. तुमच्याजवळ का बोलतेय — तुम्ही रोहिणीला ओळखत नाही, म्हणून असेल.

रोहिणी सटाण्याची. नाशिकला हॉस्टेलवर राहायची. बारावीपर्यंत आम्ही एकाच वर्गात, कॉलेजच्या एकांकिकेतही बरोबर. माझं पाठांतर पक्कं, उच्चार स्वच्छ. आणि ती? ती नुसती येऊन उभी राहिली तरी तालमीतली कुजबुज थांबायची. मला ते दिसत नव्हतं, असं कसं म्हणू?

बारावीनंतर दोन वाटा होत्या. एक नाट्यशास्त्राची पदवी — दिवसभर अभिनय, आवाज, हालचाली. दुसरी साधं बीए, त्यात नाटक हा एक विषय, पुढे बीएड आणि नोकरी. माझं नाट्यशास्त्र ठरलेलं. तिचं ठरत नव्हतं. परीक्षा संपली आणि ती कांदे काढायला गावी गेली.

तेव्हाच आमचे नाटकाचे सर मला जिन्यात भेटले. "रोहिणीला सांग, तिनं नाट्यशास्त्रच घ्यायचं. घरचे नाही म्हणाले तर मी येतो सटाण्याला." एवढं बोलून वर गेले. माझ्याबद्दल — एक शब्द नाही.

प्रवेशाच्या वेळी ती एसटीतून उतरून थेट पंचवटीत माझ्या घरी आली. चप्पल काढता काढताच म्हणाली, "खरं सांग गं. मी कुठं जाऊ? सर काही बोलले का?"

किती सोपं होतं! पण मी म्हणाले — "सर म्हणाले, तुझी बोली आड येईल. अजून 'आहे'च्या जागी 'शे' निघतो तुझ्या तोंडून. तिथं हसतील तुला."

तिनं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली. मग म्हणाली, "बरं झालं तू सांगितलंस."

ती बीएला गेली. सरांना मी सांगितलं, घरचे ऐकत नाहीत, तुम्ही सटाण्याला येऊ नका असं तीच म्हणाली, भेटायलाही लाजते. हेही मीच.

पदवी मी घेतली. नाटकंही करते — लहान भूमिका. इतक्या माणसांत राहून एकही मैत्रीण जोडली नाही. जोडावी तरी कशी?

गेल्या हिवाळ्यात नाशिकच्या प्रयोगानंतर रोहिणी रंगपटात आली. सटाण्यात शिक्षिका आहे. बरोबर मुलगी होती. तिला म्हणाली, "या मावशीनं तेव्हा खरं सांगितलं म्हणून वाचले मी." मग माझ्याकडे वळून, "हिलाही नाटकाचं वेड लागलंय. पण मी नको म्हणते. आपलं बोलणं असं. उगाच हसं कशाला?"

मुलगी माझ्याकडे बघत होती. मी चेहऱ्यावरचा रंग पुसत होते.

"गाडी मिळेल ना आता?" — एवढंच विचारलं मी.

सर आता नाहीत. जिन्यात ते काय म्हणाले, हे माहीत असलेली मी एकटीच उरलेय. रोहिणीचा नंबर माझ्याकडे आहे. मी फोन केलेला नाही.