आठवी कुऱ्हाड

वनरक्षकाची वर्दी अंगावर चढली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. पन्हाळ्याकडच्या त्या वाडीत पहिल्याच आठवड्यात ओली झाडं तोडणाऱ्या बायका धरल्या, सात कुऱ्हाडी जप्त केल्या, ऐटीत पंचनामा केला. दुसऱ्या दिवसापासून वाडीनं मला चहा विचारणं बंद केलं. आमच्या कोल्हापुरात यापेक्षा मोठी शिक्षा नाही.

पंधरा दिवसांनी, सकाळीच, गव्याचं पिल्लू शेततळ्यात पडलं. तळ्यातला प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा, की ते चार पावलं चढायचं आणि पुन्हा पाण्यात. दमून त्याचं नाक तेवढं वर राहिलं होतं. आई उसाच्या कडेला फुरफुरत होती. अख्खी वाडी तळ्याभोवती जमली होती. बचाव पथकाला यायला दोन तास होते.

"फांद्या टाका! त्यावरून चढेल ते!" मी ओरडले.

"टाकतो की. पर तोडायच्या कशानं?" माझ्या पंचनाम्यात पहिलं नाव असलेली म्हातारी म्हणाली. "कुऱ्हाडी तुमच्या नाक्यावर हायती न्हवं, मॅडम?"

जप्त केलेला माल परवानगीशिवाय बाहेर काढणं म्हणजे नोकरीशी खेळ. साहेबांना फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ते म्हणाले, "रेंज नाही, काही ऐकू येत नाही," आणि फोन ठेवला. देवमाणूस!

आमचा वनखात्याचा नाका जवळच होता. सातही कुऱ्हाडी स्कूटरवर पायाशी घालून मी सुसाट परत आले.

"तोडा!"

"ओली तोडू?" म्हातारीनं डोळे मिचकावले.

"ओलीच तोडा, मावशी, हवी तेवढी!"

अख्खी वाडी खदखदून हसली. बांधावरच्या झाडांच्या फांद्या धडाधड तळ्यात पडल्या. पिल्लू चढलं, घसरलं, पुन्हा चढलं, आणि शेपटी उडवत थेट आईकडे पळालं. मी वर्दीतच नाचले. वर्दीत नाचू नये असा नियम असेल तर असो.

मग आठवलं, कुऱ्हाडी परत मागायच्या होत्या. पण कुठल्या तोंडानं मागणार? म्हातारीनंच हाका मारून सगळ्या गोळा केल्या आणि स्कूटरपाशी आणून ठेवल्या. मी मोजल्या. आठ भरल्या.

"मावशी, ही एक जास्त आहे."

"माझीच हाय. त्या दिशी गवतात लपिवलती."

"मग मघाशी का नाही काढली? पिल्लू मरत होतं की!"

"काढली असती तर धरली असती की तुमी."

मला लाज वाटली, फार वाटली. म्हातारीनं माझा दंड धरला.

"आता चल पोरी. च्या ठेवलाय."