पुडीतलं ब्लेड

रतनबाई दोन मिनिटं एका जागी बसल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा त्या उभ्यानेच घेत, एका हातात पिशवी धरून. १९६८ साली हिर्डोशीच्या वाड्यावस्त्यांवर हिंडणाऱ्या त्या एकट्याच सरकारी नर्स. मूळच्या भोरच्या, बौद्ध घरातल्या. काही घरं त्यांना ओट्यावरच पोतं टाकून बसवत, पण बाई अडली की हाताला धरून आत नेत. रतनबाई दोन्ही लक्षात ठेवत, बोलत नसत.

बोलत त्या एकाच गोष्टीवर. दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईला त्या एक पुडी देत. तिच्यात कोरं ब्लेड, उकळलेला दोरा आणि कापूस. मागच्या वर्षात तीन तान्ही मुलं धनुर्वाताने गेली होती. तिघांचीही नाळ विळ्याने कापलेली.

त्या दिवशी बनाबाईला तपासून त्या वस्तीवरून खाली निघाल्या. तिची ही तिसरी खेप. कळा अजून नव्हत्या. पुडी देवळीत होती, रतनबाईंनी लांबूनच पाहिली. दोनची एस.टी. चुकली असती तर दुसरी उद्याच.

ओढ्यापर्यंत काहीतरी टोचत राहिलं. थर्मामीटर? होता. कात्री? तीही होती. पिशवी दोनदा चाचपली. ओढ्यात पाय घातला आणि डोळ्यांपुढे बनाबाईच्या नवऱ्याची, गेनूची हनुवटी आली. गुळगुळीत. कानाखाली ताजा ओरखडा. आणि न्हावी तर पंधरा दिवस वस्तीवर फिरकला नव्हता. त्यावरून सकाळीच सगळे कुरकुरत होते.

खालून गाडीचा हॉर्न आला. रतनबाई वळल्या आणि चढू लागल्या.

गेनू अंगणात येरझारा घालत होता.

"बाई, देवावानी आलात! तुमी वळलात न्हाई तोवर कळा सुरू झाल्या."

"दाढी कशानं केलीस?"

"आं?"

"दाढी, दाढी!"

"सासरं यायचं हुतं, म्हनून... पुडीतलं पातं नुसतं पडूनच हुतं. बांबूच्या चिमट्यात धरून केली. पर धुऊन ठिवलंय बाई. कागदाची घडीबी तशीच घातलीया."

"आरती ओवाळू का तुला?"

तेवढ्यात आतून बाळ रडलं.

आत सुईण धोंडाबाई भिंतीला टेकून बसली होती. पुडी उलगडलेली, ब्लेड मांडीवर. बाळ खाली उघडंच, नाळेसकट.

"नाळ कापलीस?"

"वार पडल्याबिगर म्या नाळंला हात लावत न्हाई. तू कितीबी वरड."

या एका हट्टापायी दोघी दोन वर्षं भांडत होत्या. बाळ गारठतं, म्हणून रतनबाई ओरडत. आज त्यांनी बाळावर लुगड्याची घडी टाकली, मांडीवरचं ब्लेड उचललं, हात धुतले आणि पिशवीतली शेवटची पुडी फोडली. ती उद्या दुसऱ्या घरी द्यायची होती.

"आज भांडली न्हाईस ती?" धोंडाबाईनं विचारलं.

"उद्या भांडेन. हे ब्लेड बाळाला कुठं लागलं नाही ना?"

"न्हाई म्हनलं ना."

"नक्की?"

"चौथ्यांदा इचारलंस तर बाळ तुझ्या पदरात घालीन!"

तरी पुढचे सातही दिवस दुसऱ्या वस्त्यांवर फिरताना रतनबाई बोटांवर दिवस मोजत राहिल्या. धनुर्वात झालेल्या मुलाचं तोंड आवळतं, ते दूध ओढत नाही. तीनदा त्यांनी पाहिलं होतं.

आठव्या दिवशी त्या वस्तीवर चढल्या. बनाबाई पोरीला पाजत होती. रतनबाई ते चिमुकलं तोंड हलताना इतका वेळ बघत राहिल्या की बनाबाईनं लाजून पदर ओढला.

"लई ओढती," ती म्हणाली. "दम म्हनून खात न्हाई."

रतनबाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या. चहा आला, तो बसूनच प्यायल्या. मग बाहेर येऊन त्यांनी गेनूच्या हातावर एक ब्लेड ठेवलं.

"हे तुझं. पुडीतलं तिचं. काय?"

"व्हय बाई."

तेव्हापासून त्या कुठल्याही घरी पुडी द्यायच्या आधी कारभाऱ्याला हाक मारून त्याचं ब्लेड त्याच्या हातात देत. आणि पुढच्या खेपेला गेल्या की बाईची नाडी बघण्याआधी त्याची हनुवटी बघत.