सायकलला मानवेल असं घर

माझ्या वयाच्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायला अजून लाजतात. मी बिनधास्त घेते. माझ्या नवऱ्याचं नाव रंगराव. त्यांच्या सायकलला मात्र त्यांनी नाव ठेवलेलं नाही, तेवढी माझी इज्जत राखली आहे.

पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, आणि त्याच आठवड्यात हा गृहस्थ वाकड्या हँडलची, अंगठ्याएवढ्या टायरची सायकल खांद्यावर घेऊन जिना चढून वर आला. किंमत विचारली तर म्हणाले, "ललिता, आज शुभ दिवस आहे, भांडण नको." तेव्हापासून बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती हॉलमध्ये राहते, देवघराच्या शेजारी. पाहुण्यांनी चपला दाराबाहेर काढायच्या आणि ही बया चाकांसकट आत.

पहाटे घट्ट काळी चड्डी आणि पोपटी टी-शर्ट चढवून निघतात. समोरच्या सुशीलाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "काय हो, सर्कस आली का तुमच्याकडे?" मी म्हटलं, "आली. तुम्हाला पास देऊ?" आता मलाच हसू येतं, पण खरं सांगते, त्या सायकलवरून परत आले की हा माणूस कॉलेजात असल्यासारखा बोलतो. दिवे घाटात काय वारा होता, सासवडच्या अलीकडे चहा कुठे मिळतो. नोकरीत असताना हेच रंगराव घरी येऊन फक्त "जेवायला वाढ" म्हणायचे.

पण दोन वर्षांपूर्वी ते पडले. वळणावर बारीक खडी होती, चाक सरकलं, खांद्याचं हाड मोडलं. एका दूधवाल्याने फोन केला तेव्हा मी ओट्याशी पोहे परतत होते. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी डक्टमध्ये उघडते. समोर पाइप आणि कबुतरं, दुसरं काही नाही. म्हणजे माणूस रस्त्यात पडला होता आणि मी कबुतरांवर चिडत होते. हाड जुळलं, हे परत निघाले. माझी भीती काही जुळली नाही. तेव्हापासून ते बाहेर असले की मी स्वयंपाकघरात भांडं वाजू देत नाही. त्यांच्या सायकलच्या बुटांना खाली टणक चकत्या आहेत, जिन्यात त्यांची टकटक होते. ती ऐकू आली की मग माझा जीव भांड्यात पडतो आणि भांडीही वाजायला लागतात. हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी सायकल सोडली असती, आणि "जेवायला वाढ" म्हणणारा माणूस मला परत नको होता.

अशात आमची बिल्डिंग पुनर्विकासाला निघाली. दोघांनी ठरवलं, आता पुन्हा इथे यायचं नाही, हिश्श्याचे पैसे घ्यायचे आणि गावाबाहेर शांत जागी घर बघायचं. घर माझ्या नावावर घ्यायचं हेही ठरलेलंच होतं. प्रेमापोटी नव्हे. बाईच्या नावावर घेतलं की स्टँप ड्युटी कमी लागते. पुण्यात प्रेम असतं, पण सवलतीसकट.

आमचा मुलगा इंद्रजीत आयटीत आहे, बायको आणि छोट्या मुलीसोबत वाघोलीला राहतो. त्याने आधीच जागा हेरून ठेवली होती. "आई, माझ्याच शेजारचा टॉवर. दसऱ्याला बुकिंग करून टाकू. आणि बाबांनी आता रोडवर सायकल चालवायची नाही, एकदा झालं तेवढं पुरे. सोसायटीच्या जिममध्ये सायकल आहे की, एसीमध्ये!" पोरगं वाईट नाही. त्यालाही माझ्यासारखीच भीती वाटते, फक्त तो ती मोठ्याने बोलतो.

बघायला गेलो. मी आणि इंद्रजीत गाडीने, रंगराव अर्थातच सायकलने. नगर रोडच्या ट्रकांमधून वाट काढत घामाघूम होऊन गेटवर पोचले, तर वॉचमन म्हणाला, "डिलिव्हरी पीछे से, सर्व्हिस लिफ्ट." इंद्रजीत लाजेने लालबुंद झाला. रंगराव म्हणाले, "चालेल की. ऑर्डर कोणाची आहे?" वर कळलं की सायकल लिफ्टमधून न्यायची परवानगी नाही, खाली स्टँडलाच ठेवायची. "मग माझीही गादी खालीच घाला," रंगराव म्हणाले. जिममध्ये मुलाचं मन राखायला ते त्या जागच्या जागी फिरणाऱ्या सायकलवर बसले, थोडा वेळ पायडल मारलं आणि उतरले. "छान आहे रे. पण पोचलो कुठे?"

रात्री जेवताना मात्र रंगराव म्हणाले, "तुला नातीजवळ राहावंसं वाटत असेल तर वाघोली घेऊ. सायकल देऊन टाकतो कोणाला तरी." आवाज अगदी सरळ होता, पण भाकरीचा एकच तुकडा केव्हापासून आमटीत बुडवत होते. मी म्हटलं, "दसऱ्यापर्यंत वेळ आहे. तोवर बघू."

मग सुरू झाली आमची शोधाशोध. रंगरावांची पद्धत अशी: पहाटे उठायचं, सायकलवरून त्या सोसायटीपर्यंत जायचं, आणि घरी येऊन घोषणा करायची, "ललिता, स्वर्ग आहे स्वर्ग!" अहो, पहाटे साडेपाचला सगळं पुणं स्वर्गच असतं! रस्ता मोकळा, हवा गार, माणूस दिसत नाही. या माणसाला वर्षानुवर्षं शहर तेवढंच माहीत. म्हणून मी माझी पद्धत काढली. त्यांनी पहाटे पसंत केलेली जागा मी संध्याकाळी सहाला स्कूटरवर जाऊन बघायची. त्यांचे स्वर्ग मी एकेक करून पाडले. एके ठिकाणी पाण्याच्या टँकरांची रांग लागली होती, रस्ताभर चिखल. दुसरीकडे खडीचे डंपर असे सुटले होते की माझी स्कूटरच थरथरली. मुळशीच्या बाजूला जागा सुंदर होती, पण शनिवारी संध्याकाळी गाड्यांतून जोरजोरात गाणी लावून जी पोरं निघतात, ती बघून मी गेटवरूनच परत फिरले.

"तुला काही पसंतच पडत नाही," रंगराव म्हणाले.

"आणि तुम्हाला सगळंच पडतं! तुम्ही पहाटे लग्नाला उभे राहिला असतात तर कोणाच्याही गळ्यात माळ घातली असतीत."

"मुहूर्त पहाटेचाच होता," ते म्हणाले.

दसरा तोंडावर आला. इंद्रजीतचे रोज फोन. सूनबाई ऋतुजा म्हणाली, "आई, बुकिंगच्या वेळी साडी कुठली नेसणार?" मी मनातून हरलेच होते. रंगरावांनी तर सायकल घासूनपुसून कापड घालून ठेवली होती. पोरगी सासरी पाठवायची असल्यासारखं ते कापड सारखं सरळ करत होते.

खंडेनवमीला दुपारी मात्र अचानक म्हणाले, "एक शेवटची जागा आहे. बोपदेव घाट चढून गेलं की लगेच गाव लागतं, तिथे. छोटी सोसायटी आहे, तीनच मजले. तू संध्याकाळी बघून ये. मी मागून सायकलने येतो."

"सायकलची पूजा राहिलीय अजून. फुलं कुठे आणलीत?"

"तिकडे मिळतील. तिकडे झेंडूच झेंडू आहे."

घाट चढून मी सोसायटीच्या गेटशी स्कूटर लावली. वाहनं होती, नाही असं नाही, पण चढून आलेली, दमलेली, हळू. गेटबाहेर पोतं अंथरून एक म्हातारी झेंडूचे ढीग घेऊन बसली होती. मथुराबाई तिचं नाव, मागचं शेत तिचंच. मी म्हटलं, "आजी, सायकलच्या माळेपुरता द्या."

म्हातारीने मान वर केली. "सायकलची? म्हंजी तुमी त्या पोपटी कापडवाल्याच्या मंडळी का काय?"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"वळखत न्हाई तर! समद्या गावाला ठावं हाय. किती बाऱ्या येऊन गेले. आले की वॉचमनला घेऊन वर जात्यात आन् एकेका घराच्या सैपाकघरात खिडकीला हुबं ऱ्हात्यात. म्या इचारलं, बाबा, तुमी बाप्या मानूस, वट्यापाशी काय बगताय? तर म्हनले, हितनं रस्ता दिसतोय का त्ये बगतोय. घरात हिला रस्ता दिसाया पायजे."

मी फुलांची पिशवी हातात धरून तशीच उभी राहिले. डोळे भरून आले, आणि म्हातारी खुशाल म्हणाली, "रडताय कशाला? दिसतोय की वरच्या मजल्यावरनं!"

मी वर गेले. वॉचमनने दार उघडून दिलं. रिकाम्या स्वयंपाकघरात सिमेंटचा वास होता. ओट्याशी उभी राहिले. समोर खिडकी, खिडकीत पिवळी शेतं, आणि त्यांच्यामधून घाटमाथ्याच्या वळणापर्यंत सगळा रस्ता. कबुतर एकही नाही. मी नुसती बघत राहिले. ऊन उतरत होतं.

मग त्या वळणावर एक पोपटी ठिपका आला. हळूहळू मोठा होत गेला. मान खाली, खांदे डुलताहेत, घाट चढून दमलेले आहेत आणि तरी तोऱ्यात आहेत. इतक्या वर्षांत मी त्यांना घरी आलेलं रोज बघितलं होतं. येताना कधीच बघितलं नव्हतं. किती आनंदात येतो हा माणूस! त्यांनी वर खिडकीकडे पाहिलं आणि हात हलवला.

मी खिडकीतून जिवाच्या आकांताने ओरडले, "अहो, दोन्ही हात हँडलवर ठेवा!"

खाली मथुराबाई खो खो हसत होती.

वर आल्यावर मी विचारलं, "तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर कधी बोलले नाही."

ते बूट काढत होते. वर न बघता म्हणाले, "मी जिन्यात येईपर्यंत घरात चिडीचूप असतं. बूट वाजले की आतून भांडी वाजायला लागतात. रोज. नकाशे काढण्यात आयुष्य गेलं माझं, ललिता, एवढं कळतं मला."

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मुहूर्तावर मी तिथेच सही केली. इंद्रजीत रुसला होता, पण सायकलला झेंडूची माळ त्यानेच घातली. आता दर रविवारी नातीला घेऊन येतो. परवा म्हणाला, "आई, बाबा अजून नाही आले? फोन लावू का?"

"नको," मी म्हटलं. नात माझ्या कडेवर होती, दोघींची नाकं खिडकीच्या गजांना. वळणावर पोपटी ठिपका दिसला आणि तिने टाळ्या पिटल्या. मी तिला खाली ठेवलं, भांडी दणादण वाजवत पातेलं काढलं आणि चहाचं आधण चढवलं.