केशरबाईच्या घरचा स्पीकर

देवराव इंगळे अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या काठी राहायचा आणि नदीपलीकडच्या एका टॉकीजमध्ये सिनेमाचं मशीन चालवायचा. मशीनची खोली वरच्या मजल्यावर होती. मशीनच्या दिव्यात जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमुळे तिथे उन्हाळ्यासारखी काहिली असायची, आणि भिंतीतल्या लहानशा खिडकीतून पडदा दिसायचा. खाली सगळं गाव एकत्र बसून सिनेमा पाहायचं. देवराव मात्र एकटाच पाहायचा.

त्याची बायको केशरबाई बाळापूरची. लग्नानंतर तिने आयुष्यातला पहिला सिनेमा पाहिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताथापता विचारलं, "बाई तं कापडावर हाय. मंग तिचा आवाज कोठून येते?"

देवराव चुलीपाशी बसला. "फिल्मच्या कडेले एक बारीक पट्टी असते. साउंड ट्रॅक म्हनतात तिले. दिव्याचा उजेड तिच्यातून जाते, कुठं जास्त, कुठं कमी. त्या उजेडाचाच मंग आवाज होते."

"उजेडाचा आवाज?"

"हाव."

"काहीबी सांगता बाप्पा!" ती हसली. पण दुपारी पाण्याला गेली तेव्हा तिने बायांना हेच सांगितलं.

तेव्हापासून त्यांच्या घरात सकाळ म्हणजे सिनेमाच्या गोष्टी. लेन्स म्हणजे काय, फोकस कसा हलतो, रीळ बदलताना पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका का दिसतो, हे ती विचारायची आणि तो सांगायचा. मूलबाळ झालं नाही. छप्पन साली दोघं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि घरात एक तसबीर लागली. बाकी दिवस तसेच चालले होते.

पुढे दोनेक वर्षांनी केशरबाईला क्षय झाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी सुया लिहून दिल्या आणि आधीच सांगितलं, "जीव वाचेल, पण कानावर परिणाम होऊ शकतो." देवराव म्हणाला, "जीव वाचवा, साहेब."

जीव वाचला. आधी बारीक आवाज गेले. चिमण्या, ताटवाट्या, सायकलची घंटी. मग माणसांचं बोलणं गेलं. एका सकाळी ती म्हणाली, "तुमी बोलून राहिले का नुसते ओठ हलवून राहिले?" देवराव बोलतच होता.

शेजारच्या बाया सुरुवातीला कानाशी येऊन ओरडायच्या. मग त्या हातवारे करू लागल्या, मग नुसत्या मान हलवू लागल्या, आणि शेवटी दारावरून जाताना आत पाहीनाशा झाल्या. देवरावनेही बोलणं कमी केलं. मोठ्याने बोललं की घरात भांडण चालल्यासारखं वाटायचं, आणि मायेचं काही ओरडून सांगता येईना. केशरबाईने टॉकीजला जाणं सोडलं. तो कामाला निघाला की ती दार लोटून बसायची.

साठनंतर टॉकीजमध्ये रुंद पडदा आला. तो बसवायला मुंबईहून कमलाकांत नावाचे इंजिनियर आले. फिल्मवर आडवं दाबलेलं चित्र सिनेमास्कोपच्या लेन्सने पडद्यावर पुन्हा पसरतं, हे त्यांनी देवरावला दाखवलं. मग त्याला पडद्यामागे नेलं. तिथे खाली एक मोठी लाकडी पेटी होती आणि वर कर्णा.

"पेटीतला हा वूफर," ते म्हणाले. "ढोल, मेघगर्जना, जाड आवाज सगळा हा काढतो. वरचा कर्णा बारीक आवाज काढतो. बाईचं गाणं, बांगड्या. आणि कोणता आवाज कुणाकडे जायचा, ते वाटून देतो हा क्रॉसओव्हर."

देवरावने विचारलं, "साहेब, ज्याले बिलकूल आयकू येत नाही, त्याले यातलं काही समजन का?"

कमलाकांतांनी त्याच्याकडे पाहिलं. "कोण आहे?"

"मायी बायको."

"कानाने नाही समजणार. पण वूफरच्या पेटीवर तळहात ठेवायला सांगा. जाड आवाज अंगाला कळतो."

हे नवे बसल्यावर टॉकीजची जुनी पेटी आणि कर्णा आता अडगळीत जाणार होते. मॅनेजरला विचारून देवरावने ते हातगाडीवर घातले आणि नदीवरचा पूल ओलांडून घरी आणले. त्यांच्यासोबतच आणलेल्या, आवाज वाढवणाऱ्या मोडक्या अॅम्प्लिफायरचे दोन व्हॉल्व्ह बदलले, रेडिओची तार त्याला जोडली, आणि एका सकाळी केशरबाईचा हात धरून पेटीवर ठेवला.

गाणं लागलं होतं. ती दचकली, हात काढला, पुन्हा ठेवला. "ढोलक हाय न?"

देवरावने जोरजोरात मान डोलावली.

"अन् गाऊन कोन राहिलं? बाई का मानूस?"

"बाई," तो ओठ ठळक हलवत म्हणाला.

तिने हात उचलून कर्ण्यावर ठेवला. थोडा वेळ वाट पाहिली. "इथं तं काहीच नाही," ती म्हणाली. त्याच कर्ण्यातून ती बाई गात होती आणि देवरावला शब्दन् शब्द ऐकू येत होता. त्याला तिच्यासमोर ते ऐकणं नको झालं.

चार दिवसांतच शेजारचे खुशालराव दारात आले. "देवराव, भिंत हालते आमची. म्हातारीले झोप नाही." आवाज कमी केला की हाताला काही कळेना. केशरबाईनेच पेटीवर गोधडी टाकली.

"राहू द्या," ती म्हणाली. "त्यापरिस मले टॉकीजमंदी न्या. तिथं तं कोनी काही म्हननार नाही."

शुक्रवारी दुपारच्या खेळाला ती बायकांच्या बाजूला अगदी पुढे बसली. तिथे वूफरचा हादरा जमिनीतून पायांना यायचा. देवरावने खिडकीतून तिला शोधलं. सिनेमा हसवणारा होता. सगळं टॉकीज हसायचं, आणि केशरबाई मागे वळून, शेजारणींचे चेहरे पाहून, मग हसायची. प्रत्येक वेळी ती एकटीच उशिरा हसत होती. त्याला खाली जावंसं वाटलं, पण रीळ संपत आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्यासमोर बसला आणि सगळे विनोद सांगू लागला. भाकरी थापताथापता ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. "यात हासन्यासारखं काय हाय?"

"तू बी तं हासत होती."

तिचा हात थांबला. "तुमी पाह्यलं?"

त्याने मान डोलावली.

"नोका पाहू त्या खिडकीतून," ती हळू म्हणाली. आपला आवाज केवढा निघतो, हे तिला आता कळत नसे, तरी हे ती हळूच म्हणाली. "मले लाज वाटते."

त्यानंतर केशरबाई दर शुक्रवारी टॉकीजला जात राहिली. देवराव तिला दारापर्यंत सोडायचा आणि जिना चढून वर जायचा. मशीन सुरू केल्यावर तो खिडकीपाशी अशा बेताने उभा राहायचा की फक्त पडदा दिसावा. खाली लोक हसले की तो कांड्या सारख्या करायला वळायचा. त्या हसण्यानंतर आणखी एक हसू आलं की नाही, हे त्याने पुढे कधी पाहिलं नाही, आणि तिनेही सांगितलं नाही.