उणे वीसचा माणूस

माझी मोठी मेव्हणी कॅनडात एडमंटनला राहते आणि नोव्हेंबर ते एप्रिल बर्फाला शिव्या देते. माझी बायको दुबईत डिस्कव्हरी गार्डन्सला राहते आणि त्याच काळात बर्फासाठी उसासे टाकते. दोघी सख्ख्या बहिणी. शिव्या आणि उसासे एकाच व्हिडिओ कॉलवर चालतात आणि ते ऐकणं हे माझं शनिवार रात्रीचं काम.

"हे बघ," मेव्हणी फोन खिडकीला टेकवते. "गाडी दिसतेय का तुला?"

"नाही गं."

"मलाही नाही दिसत. काल रात्री तिथेच होती."

"कित्ती गोड!" बायको म्हणते.

"गोड? ये इकडे, फावडं देते हातात. दीड तास उपसलं, वर आले, चहा टाकला, वाकून बघते तर पुन्हा तेवढाच. त्यात तो सरकारी ट्रक येतो आणि रस्त्यावरचा सगळा आमच्या दारात लोटून जातो."

"पण ताई, पडताना कसा दिसत असेल ना!"

"पडताना मी हीटरला पाठ लावून बसलेली असते. मला काय माहीत!"

मग दोघी माझ्याकडे वळतात. कारण आमच्या घराण्यात थंडीच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा.

गेली चौदा वर्षं मी हमरिया फ्री झोनमधल्या एका कोल्ड स्टोअरमध्ये नोकरी करतो. गोठवलेली कोळंबी, सुरमई, झालंच तर ब्राझीलची कोंबडी. बाहेर ऑगस्टमध्ये सेहेचाळीस आणि आत उणे वीस. म्हणजे सहासष्ट अंशांचा प्रवास चार पावलांत. हे वाक्य मी इतक्यांदा वापरलंय की माझ्या मुलीला ते माझ्याआधी पाठ झालं. गणपतीच्या प्रसादाच्या रांगेत कोणी म्हणालं, "यंदा पुण्याला काय थंडी होती!" की मी बारीक हसतो. "किती, नऊ? अच्छा." आणि गप्प बसतो. हे गप्प बसणं फार महत्त्वाचं असतं. पुढचं वाक्य शेजारचा कोणीतरी बोलतोच : "अहो, यांच्या ऑफिसात उणे वीस असतं!"

या कीर्तीत भर पडली ती जॅकेटांमुळे. कंपनीने बाद केलेली दोन फ्रीझर जॅकेटं मी घरी आणून ठेवली. निळी, गादीसारखी जाड, पाठीवर पिवळा चमकता पट्टा. आता आमच्या भागातला कोणीही मराठी माणूस बर्फाच्या गावाला निघाला की आधी आमच्याकडे येतो, चहा पितो आणि जॅकेटं घेऊन जातो. फोटोत सगळे आल्प्समध्ये रस्तादुरुस्तीला आल्यासारखे दिसतात. कोळंबीचा वास काही केल्या जात नाही. स्वित्झर्लंडमध्ये एका जोडप्याच्या मागे एक मांजर अर्धा किलोमीटर चालत आलं होतं म्हणे.

असेच कोणाचे तरी फोटो बघत बायको एकदा म्हणाली, "काश्मीर झालं, जॉर्जिया झालं, स्वित्झर्लंड दोनदा. जॅकेट कुठल्या कुठे पोचलं. मी अजून इथल्या इथे, बर दुबईपर्यंत."

मी हसलो. ती हसली नाही.

आता खरं सांगतो. त्या फ्रीझरमध्ये मी सहा वर्षांत पाऊल टाकलेलं नाही.

झालं असं की एका दुपारी मी एकटाच आत माल मोजत होतो. आमचा स्टोअरकीपर श्रीवर्धनकडचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण दाढी पांढरी म्हणून सगळे त्याला चाचा म्हणतात आणि मीही म्हणतो. तो नमाजाला गेला होता. तेवढ्यात वीज गेली. दिवे गेले, पंखे थांबले आणि सरकतं दार बंद होतं ते बंदच राहिलं. मी सात मिनिटं आत होतो. सात ही चाचाची मोजणी, माझ्या मोजणीने पाऊण तास. अशा वेळी काय करायचं? दाराच्या आतल्या अंगाला अंधारात हिरवा चमकणारा एक गोल दांडा असतो. तो ढकलला की वीज असो नसो, दार सुटतं. दर सहा महिन्यांनी नव्या लोकांना हे शिकवतं कोण? मी. चाचाने दार ओढलं तेव्हा माझं कोपर त्याच दांड्याला टेकलेलं होतं आणि पुन्हा मासे खाणार नाही असं वचन मी सुरमईच्या खोक्यांना देत होतो.

"साहेब," चाचा म्हणाला, "कुणाशी बोलताव?"

दुसऱ्या दिवसापासून चाचा आत जाऊन मोजतो आणि मी बाहेर टेबलाशी बसून आकडे भरतो. त्याने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. मीही नाही, आणि घरी तर नाहीच. पण गालाला गार हवा लागली की मला अजूनही तो अंधार दिसतो. घरच्या फ्रिजमधून दही काढतानासुद्धा मी दुसऱ्या हाताने दार धरून ठेवतो.

म्हणून मी बर्फ टाळत आलो. एका वर्षी मुलीची परीक्षा, एका वर्षी माझं सायनस. एका वर्षी तर मी कंपनीच्या ऑडिटची तारीख दोन महिने अलीकडे ओढली, अर्थात फक्त घरी सांगण्यापुरती. पण गेल्या डिसेंबरात बायकोने जेवताना जाहीर केलं, "फेब्रुवारीत जॉर्जिया. मी पन्नासची होतेय. मला बर्फ पडताना बघायचाय. पडलेला नाही, पडताना. आणि तुमच्याबरोबर बघायचाय."

"बघू. इन्शाल्ला."

"तुमचा इन्शाल्ला मला चांगला माहीत आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मी एकटी जाईन. पण मग नंतर मला फोटो दाखव म्हणायचं नाही."

"दोघांचे साडेचार हजार दिरहम, म्हणजे लाखाच्या वर रुपये. बर्फासाठी!"

"बाबा," मुलगी फोनवरून मान न उचलता म्हणाली, "शी इज सीरियस, ओके?"

ती सीरियस होती, हे मलाही कळत होतं. पंचवीस वर्षांत तिने माझ्याकडे हट्टाने मागितलेली ही एकच गोष्ट. आणि मला ती द्यायची होती. फक्त मी तिथे नसताना देता आली असती तर बरं झालं असतं.

जानेवारीत आमच्या कंपनीचा फॅमिली डे असतो. कुटुंबं येतात, बिर्याणी खातात, नवऱ्यांची टेबलं बघतात आणि 'एवढंच?' असा चेहरा करून परत जातात. यंदा बायको सकाळीच पूर्ण तयारीत निघाली : गरम मोजे, हातमोजे, कानटोपी.

"बिर्याणीला कानटोपी?"

"तालीम आहे," ती म्हणाली. "तिथे उणे बारा, तुमच्याकडे उणे वीस. इथे पास झाले की तिथे काही कठीण नाही. तुम्ही मला आत नेणार आहात."

हमरियाला पोचलो तेव्हा धुकं होतं. समुद्रावरून ओली हवा येत होती, इतकी की गाडीच्या काचा बाहेरून निथळत होत्या. मला वाटलं, मॅनेजर परवानगी देणार नाही. आमचा मॅनेजर लेबनीज, नियमांना पक्का. पण बायकोने विचारलं मात्र, त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

"यल्ला, मॅडम! युवर हजबंड विल शो यू. ही इज द बॉस ऑफ द फ्रीझर!"

चाचाने माझ्याकडे पाहिलं. मी चाचाकडे पाहिलं.

"साहेब... आत?" तो म्हणाला. मग त्याने स्वतःला सावरलं, फारच जास्त सावरलं. "म्हणजे वहिनी, साहेब तर रोजच आत असतात! सकाळी आत, दुपारी आत. मी तर म्हणतो, साहेब, जरा बाहेर पण येत जा!"

"हो का?" बायको म्हणाली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मी जॅकेट उलटं घातलं.

"फाइव्ह मिनिट्स, बाबा. आय ॲम टायमिंग यू," मुलगी म्हणाली आणि बिर्याणीच्या दिशेने गेली.

चाचाने बटण दाबलं. दार सरकलं. आतून पांढरी वाफ पायाशी आली आणि बायको, आयुष्यात पहिल्यांदा देवळात जाणारं मूल जसं जातं तशी, मागे न बघता आत गेली. मी उंबऱ्यापर्यंत गेलो आणि तिथे थांबलो. बरोबर मधोमध, एक पाय आत, एक बाहेर. त्या दाराला सेन्सर आहे. मध्ये कोणी उभं असेल तर ते बंद होत नाही. हेही नव्या लोकांना मीच शिकवतो.

"अहो, या ना!"

"तू बघ, तू बघ. मी इथून दिवे बघतोय."

"दिव्यांचं काय बघायचंय?"

"लोड," मी म्हणालो.

दार जास्त वेळ उघडं राहिलं की भोंगा वाजायला लागतो. तो वाजायला लागला. त्याच दारावर तीन भाषांत माझ्या सहीची नोटीस आहे की वीस सेकंदांपेक्षा जास्त वेळ दार उघडं ठेवू नये, नाहीतर लेखी खुलासा द्यावा लागेल. चाचा आधी नोटिशीकडे आणि मग माझ्या पायांकडे बघत होता. हमरियाची ती सगळी ओली हवा माझ्या कानांवरून आत घुसत होती.

आणि मग आत सुरू झालं.

आमच्या धंद्यात त्याला स्नोच म्हणतात आणि शिवी दिल्यासारखं म्हणतात. बाहेरची दमट हवा उणे विसात शिरली की तिचा बारीक बर्फ होतो. छताखाली भुरभुरतो, पंख्याच्या झोतात फिरतो, खोक्यांवर साचतो, जमीन निसरडी करतो. मग माणसं घसरतात, लेबलं भिजतात, आणि तो खरवडायला चाचाची माणसं अर्धा दिवस घालवतात. मी या स्नोवर आजवर अकरा मेमो लिहिलेत.

"साहेब, स्नो!" चाचा मागून कळवळला. "साहेब, खलास, दार सोडा!"

बायको कोळंबीच्या दोन रांगांच्या मध्ये उभी होती. तिने मान वर केली होती. दिव्याच्या उजेडात ते कण हळूहळू खाली येत होते, काही तिच्या कानटोपीवर, काही चष्म्यावर. तिने एक हातमोजा काढला आणि तळवा पुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी मुलीच्या जन्मानंतर बघितलं नव्हतं. मागे खोक्यांवर लिहिलं होतं : कोळंबी, सोललेली, दहा किलो.

"अहो," ती म्हणाली, पण या वेळी हाक मारल्यासारखं नाही, "पडतोय."

मी तिथेच उभा. तिला हवं ते पडत होतं आणि ते पडत होतं ते मी आत जायला घाबरत होतो म्हणून. मी दार अडवून उभा राहिलो नसतो तर काहीच पडलं नसतं. पण ती म्हणाली होती, तुमच्याबरोबर. आणि बरोबर जायचं तर दार सोडायला हवं होतं.

मी पाऊल पुढे टाकलं. मागे सेन्सर टिकटिकला, दार सरकत आलं, रबर रबराला लागल्याचा तो 'फप्' आवाज आला आणि भोंगा थांबला. मी मागे वळून बघितलं नाही असं सांगायला मला आवडेल. चार वेळा बघितलं. हिरवा दांडा जागेवर होता. मग मी जाऊन बायकोच्या शेजारी उभा राहिलो आणि तिचा हात धरला, म्हणजे तिने माझा धरला.

"थरथरताय."

"उणे वीस आहे."

"इकडे येण्याआधीपासून थरथरताय."

मग मी तिला सगळं सांगितलं, वीज जाण्यापासून सुरमईला दिलेल्या वचनापर्यंत. दात वाजत असल्यामुळे फार भावनिक होता आलं नाही. ती ऐकत होती. वरून येणारे कण विरळ व्हायला लागले होते.

"सहा वर्षांपूर्वी तुम्ही लिफ्ट सोडली," ती म्हणाली. "कोलेस्टेरॉलसाठी म्हणालात. जिना चढून वर आल्यावर बटाटेवडे खाता, म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हतंच. काहीतरी झालंय एवढं मला कळलं होतं. तुम्ही सांगाल म्हणून मी थांबले होते."

"सहा वर्षं?"

"तुमचं ऑडिटही ऐकून घेतलं की मी."

शेवटचे दोन-चार कण तिच्या बाहीवर बसले. मग पंख्याच्या घरघरीशिवाय काही उरलं नाही. तिने तळवा उलटा केला, बघितलं, पुन्हा हातमोजा चढवला. आणि माझ्यातला नालायक माणूस तशा थंडीतही जागा झाला.

"पडताना बघितलास," मी म्हणालो. "माझ्याबरोबर. म्हणजे आता जॉर्जिया..."

"जॉर्जियाला जायचंय."

"पण हाच तो बर्फ! तोच! मी या धंद्यातला माणूस आहे, सांगतो तुला..."

तिने माझ्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, लहान मुलाची ओढतात तशी.

"तुम्हाला थंडीची भीती नाहीये," ती म्हणाली. "तिकडे आकाशातून पडतो. तिकडे दार नसतं."

मी यावर विचार केला. उणे विसात विचार करायला थोडा वेळ लागतो. एवढ्यात बाहेरून चाचा दारावर धपाधप हात मारायला लागला, "साहेब! ठीक आहात ना? साहेब, दांडा! हिरवा दांडा!" आणि बायको इतकी हसली की तिच्या तोंडातून वाफेचा मोठा ढग निघाला.

"ढकला," मला दारापाशी नेत ती म्हणाली.

मी ढकलला.